वरळीचा बेडूक आणि विद्यापीठाचे पंडित

दगड शिकणाऱ्याला जीव शिकवायचा नाही आणि जीव शिकणाऱ्याला दगड दाखवायचा नाही, असा एक अलिखित ठराव आपल्या शिक्षणाच्या दरबारात फार दिवसांपूर्वी मंजूर होऊन बसला आहे. तो कोणी मांडला आणि अनुमोदन कोणी दिले, हे कोणालाच सांगता येणार नाही. अंमलबजावणी मात्र इतकी चोख चालते, की सरकारी ठरावांनी तिच्यापासून धडा घ्यावा. माझे भांडण ह्या ठरावाशी आहे. दिवाळीच्या फराळाशेजारी भूगर्भशास्त्र मांडते म्हणून वाचकांनी रागावू नये. कडक बुंदीचा लाडूही पहिल्या घासाला दाद देत नाही. म्हणून काही कोणी तो ताटात तसाच टाकून उठत नाही.

आधी हा ठराव घरोघर कसा राबवला जातो ते पाहू. मुलाचा दहावीचा निकाल लागतो. गिरगावच्या चाळीत काय आणि परळच्या नव्या टॉवरमध्ये काय, त्या रात्री एकच बैठक भरते : डॉक्टर की इंजिनियर? डॉक्टर म्हटले की जीवशास्त्र ठेवायचे, इंजिनियर म्हटले की ते सोडायचे. जीवशास्त्र हे सृष्टी समजून घेण्याचे शास्त्र आहे, हा विचार त्या बैठकीत कोणाच्या मनाला शिवत नाही. वैद्यकीच्या फाटकावर दाखवायचे तिकीट, एवढीच त्याची किंमत. तिकडे जायचेच नाही, तर तिकीट कशाला काढा? पुढे बारावीला मार्क थोडे कमी पडतात, इंजिनियरिंग हुकते, किंवा मुलालाच यंत्रांचा कंटाळा येतो, आणि डोंगरदऱ्यांच्या ओढीने तो बी.एस्सी.ला भूगर्भशास्त्र घेतो. मुंबईत हा विषय शिकवणारी कॉलेजे बोटांवर मोजण्याइतकी. तरी दरसाल काही मुले-मुली तिकडे वळतात, आणि मला त्यांचे मनापासून कौतुक वाटते.

पण ह्या मुलाने जीवशास्त्राचे शेवटचे पान उलटले ते दहावीत. आणि कॉलेजात गेल्यावर वर्षा-दोन वर्षांत त्याच्यापुढे जीवाश्म येऊन पडतात : शिंपले, हाडे, पाने, दात. जिवंत शिंपला उघडून आत काय असते हे ज्याने कधी पाहिले नाही, त्याला कोट्यवधी वर्षांपूर्वी मेलेल्या शिंपल्याचा दगड ओळखायला सांगायचे. तो बिचारा काय करणार? पाठांतर करणार. आणि आपल्याकडे पाठांतराला मार्क मिळत असल्यामुळे हे सारे उत्तम चालले आहे, असे सर्वांना वाटत राहणार.

मी स्वतः मॅट्रिकच्या पुढे गेले नाही. वर्गात मराठी शिकवावे आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहाव्यात, एवढाच माझा व्याप. तेव्हा युनिव्हर्सिटीच्या गोष्टीत हिला काय कळते, असे कोणी म्हणेल. म्हणू दे. भाकरी करपली हे सांगायला आचाऱ्याची परीक्षा द्यावी लागत नाही. आमच्या हातून गेलेली मुले वर जाऊन काय शिकतात आणि परत येऊन काय बोलतात, हे ऐकण्याचा अधिकार शाळामास्तरणीला तरी असावा.

माझा एक जुना विद्यार्थी, लालबागचा राहणारा, भूगर्भशास्त्र घेऊन बसला आहे. त्याच्या कॉलेजाचे नाव सांगण्याचे कारण नाही. रोग एका कॉलेजाचा नाही. तो एकदा भेटायला आला, तेव्हा त्याच्याजवळ जीवाश्मांची वही होती. वही मोठी देखणी. अ‍ॅमोनाइट नावाच्या वेटोळ्या शंखाची आकृती, खाली सुबक अक्षरांत संघ, वर्ग, गण, काळ. मी विचारले, “काय रे, हा प्राणी पोहत असे की चिखलात बसून राहत असे?”

“बाई, ते विचारत नाहीत.”

“बरे, ह्याच्या शंखात हे कप्पे कशासाठी?”

“त्या कप्प्यांच्या रेघा आकृतीत दाखवाव्या लागतात. त्याला वेगळे मार्क आहेत.”

“आणि ह्याचा कोणी भाऊबंद आज जिवंत आहे का?”

ह्यावर तो गप्प राहिला. घरी रविवारी माकुलाचे कालवण होते, हे त्याने मला आल्या-आल्याच सांगितले होते. अ‍ॅमोनाइटचा भाऊबंद त्याने त्याच दिवशी भाताबरोबर जेवला होता, आणि हे त्याला सांगणारे त्याच्या अभ्यासक्रमात कोणी नव्हते.

पावसाळ्यात दादरच्या चौपाटीवर पांढरी, हलकी, होडीच्या आकाराची एक वस्तू पुष्कळदा वाहून येते. तिला आपण समुद्रफेस म्हणतो आणि पोपटाच्या पिंजऱ्यात अडकवून ठेवतो. नाव फेस असले, तरी माकुलाच्या एका जातभाईच्या पाठीत दडलेले ते कवच असते. ते कापून भिंगाखाली धरले, तर आत बारीक बारीक कप्पे दिसतात. त्या कप्प्यांतले पाणी कमी-जास्त करून प्राणी समुद्रात हवा तितका वर-खाली राहतो. अ‍ॅमोनाइटच्या शंखातले कप्पेही तरंगण्याच्याच सोयीचे. ज्या मुलाने चौपाटीवरचा समुद्रफेस एकदा कापून पाहिला, त्याला वहीतल्या रेघा पाठ कराव्या लागणार नाहीत.

आणि अ‍ॅमोनाइट आपल्याला परका आहे का? दिवाळी सरली की तुळशीचे लग्न येते. कित्येक घरांत तुळशीशेजारी शाळिग्राम ठेवतात. गंडकीच्या पात्रातून आलेला, चक्र असलेला शाळिग्राम म्हणजे ह्याच प्राण्याच्या शंखाभोवती घट्ट झालेला दगड; समुद्राच्या तळाशी तयार झालेला आणि हिमालय उचलला गेला तेव्हा वर आलेला. हे कळल्याने कोणाची श्रद्धा उणावण्याचे कारण नाही. माझ्या घरच्या देवघरात तो आहे, आणि हे वाचल्यापासून मी त्याला अधिकच जपून पुसते. ह्या कुळातले सारे प्राणी सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, डायनोसॉरांच्या अखेरीच्याच सुमारास, पृथ्वीवरून नाहीसे झाले. त्याच काळात आपल्याकडे लाव्हा उसळून दख्खनचा काळा दगड तयार होत होता. देवघरातला शाळिग्राम आणि खिडकीतून दिसणारा मुंबईचा कातळ ह्यांचा असा काळाचा संबंध आहे. हा संबंध ज्याला दिसतो तो भूगर्भशास्त्र शिकला. बाकीच्यांनी दगडांची यादी पाठ केली.

आता वरळीच्या बेडकाकडे येऊ. दगड शिकणाऱ्याला जीवशास्त्र का हवे, ह्याचा सणसणीत पुरावा त्यानेच आपल्या बेटावर ठेवला आहे.

मुंबई लाव्हाच्या थरांवर उभी आहे, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते. पण वरळीच्या टेकडीत लाव्हाच्या दगडांमध्ये गाळाचे थर सापडले, आणि त्यांत लहानग्या बेडकांचे सांगाडेच्या सांगाडे. १८४७ साली लंडनमध्ये रिचर्ड ओवेनने त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले आणि त्यांना ‘राना पुसिला’ म्हणजे चिमुकला बेडूक असे नाव दिले. ह्याच थरांत गोड्या पाण्यातल्या कासवाचे अवशेष मिळाले, आणि सिप्रिस नावाच्या कणाएवढ्या जलजीवांची कवचे मिळाली.

कल्पना करा, की दोन विद्यार्थी ह्या थरापुढे उभे आहेत. पहिल्याला जीवशास्त्राचा गंध नाही. तो वहीत लिहितो : “थर काळसर, बेडकांचे अवशेष सापडतात.” संपले. दुसरा जीवशास्त्र शिकलेला आहे. त्याला ठाऊक आहे, की बेडकाची कातडी पातळ, पाणी शोषणारी. खारे पाणी बहुतेक सर्व जातींना सोसत नाही. म्हणजे आज जिथे समुद्राच्या लाटा आदळतात, तिथे तेव्हा गोड्या पाण्याचे तळे किंवा दलदल होती. बेडूक अंडी पाण्यात घालतो आणि त्याची पिले पाण्यातच वाढतात. तेव्हा ते पाणी एका सरीचे डबके नसावे. बेडूक किडे खातो. म्हणजे किडे होते. किडे होते त्या अर्थी झाडोराही होता. तप्त रसाचा लोंढा येऊन थंड झाला, त्यावर पाणी साचले, झाडे उगवली, जीव परतले, पिढ्या नांदल्या, आणि मग पुन्हा अग्निरस आला. ज्वालामुखीने मध्ये विश्रांती घेतली होती आणि ती चांगली लांबलचक होती, ही गोष्ट काळ्या दगडाने सांगितलेली नाही, बेडकाने सांगितली आहे. सहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच्या वरळीचा साक्षीदार तो आहे. त्याची भाषा ज्याला येत नाही, त्याने साक्ष लिहून घ्यायला बसावे तरी कशाला?

ह्या बेडकाची पुढची कथा तर ह्याहून बोधप्रद आहे. ओवेनने त्याला आपल्या ओळखीच्या साध्या बेडकांच्या कुळात घातले होते. १८६९ साली कलकत्त्याच्या भूगर्भ-सर्वेक्षण खात्यातल्या स्टोलिच्काने त्याची हाडे पुन्हा तपासली आणि त्याला ‘ऑक्सिग्लोसस’ ह्या दुसऱ्या कुळात नेऊन बसवले. १९३० साली न्यूयॉर्कच्या म्यूझियममधल्या जी. के. नोबलने तीच चौकशी तिसऱ्यांदा केली. नोबल हा बेडकांचा जाणता. त्याने हाडांचे सांधे न् सांधे पाहिले आणि सांगितले, की हा बेडूक ह्या दोन्ही घरांतला नाही. ह्याला स्वतःचे घर हवे. त्याने नाव दिले ‘इंडोबॅट्राकस’, आणि ह्याचे नाते ऑस्ट्रेलियाकडच्या बेडकांशी लागते असे मांडले. त्या नात्यावर पुढे पंडितांत वाद झाले, ते व्हायचेच. पण प्रश्न केवढा उभा राहिला ते पाहा! खाऱ्या पाण्याला भिणारा बेडूक समुद्र पोहून ऑस्ट्रेलियाला कसा जाईल? म्हणजे भूभागच कधी काळी जोडलेले असले पाहिजेत. खंड सरकतात ही कल्पना वेगेनरने १९१२ साली मांडली होती आणि १९३० साली पुष्कळ मोठमोठे भूगर्भशास्त्रज्ञ तिला हसत होते. त्या वादात वरळीचा अंगठ्याएवढा बेडूक एक पुरावा घेऊन उभा राहू शकत होता. हाडांचे सांधे वाचता येणारा माणूस त्याला भेटला म्हणूनच हे झाले.

कोणी म्हणेल, ही गोऱ्या लोकांची जुनी हौस होती. हौस म्हणा, पण ती कोणाची होती हेही पाहा. मुंबई बेटाच्या भूरचनेवर एक भरीव निबंध लिहिला तो हेन्री जॉन कार्टरने. १८५२ साली तो इथल्याच रॉयल एशियाटिक सोसायटीच्या शाखेच्या नियतकालिकात आला. हा कार्टर कोण? सैन्यातला डॉक्टर. फावल्या वेळात तो मुंबईच्या तळ्यांत वाढणारे गोड्या पाण्यातले स्पंज गोळा करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहत बसे, आणि त्यावर त्याने निबंध लिहिले. तळ्यातल्या जिवंत जीवाकडे बघायची सवय असलेला माणूस टेकडीतल्या दगडाकडे वळला, म्हणून त्याला दगडातले जीव दिसले.

आपल्यातले उदाहरण हवे असेल, तर दाराशी नोशेरवान वाडिया घ्या. भारताच्या भूगर्भशास्त्रावर १९१९ साली त्यांनी लिहिलेला ग्रंथ पिढ्यान् पिढ्या विद्यार्थ्यांनी वाचला. १९५७ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना सभासद करून घेतले. ह्या वाडियांनी बडोद्याच्या कॉलेजातून, म्हणजे तेव्हाच्या मुंबई विद्यापीठाच्या छत्राखाली, १९०६ साली एम.ए. केले ते जीवशास्त्र आणि भूगर्भशास्त्र ह्या दोन विषयांत मिळून! त्याआधीच्या पदवीलाही वनस्पतिशास्त्र त्यांच्याजवळ होते. पुढे जम्मूला शिकवत असताना जवळच्या शिवालिक टेकड्यांत त्यांना जुन्या काळच्या हत्तीचा प्रचंड सुळा मिळाला. त्या हत्तीच्या जातीचे शास्त्रीय नावच गणेशावरून पडलेले आहे. तो सुळा कशाचा, हे ओळखायला त्यांना दुसऱ्या खात्याचे दार ठोठवावे लागले नसेल. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी जी जोडी आपल्याच विद्यापीठाला जमत होती, ती आज विचारली तर गटांचे, तासांचे आणि वेळापत्रकाचे अडथळे सांगतात. ह्याला प्रगती म्हणायचे असेल तर खुशाल म्हणा.

उलट दिशेनेही हेच दिसते. लखनौचे बिरबल साहनी हे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. आपल्या दख्खनच्या लाव्हाचे वय किती, ह्या भूगर्भशास्त्राच्या वादात त्यांनी उडी घेतली ती लाव्हाच्या थरांमधली अश्मीभूत झाडे आणि फळे हातात घेऊन. हे खडक मानले जातात त्याहून अलीकडचे आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. आज यंत्रांनी काढलेले वय दोन युगांच्या सीमेवर येते. म्हणजे वादातले दोन्ही पक्ष सीमेच्या अलीकडे-पलीकडेच उभे होते. आणि ज्याच्यामुळे थरांचे शास्त्र मुळात उभे राहिले तो डेन्मार्कचा स्टेनो तर शरीरविच्छेदन करणारा वैद्य. १६६६ साली त्याने फ्लॉरेन्सला एका मोठ्या शार्कचे डोके फाडले, त्यातले दात पाहिले, आणि डोंगरात सापडणारे जिभेसारखे दगड हे शार्कचेच दात आहेत हे त्याने ओळखले. तिथून विचार करत करत १६६९ साली त्याने सांगितले, की खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा. आज भूगर्भशास्त्राच्या पहिल्या तासाला जो नियम शिकवतात, त्याची सुरुवात एका माशाच्या जबड्यात झाली आहे. नियम तेवढा ठेवला आणि मासा फेकून दिला, हे आपले कर्तृत्व.

आता विरोधकांचे म्हणणे ऐकू. त्यांच्यातही समंजस माणसे आहेत.

पहिला आक्षेप : आता यंत्रे आली. खडकातल्या किरणोत्सर्गी द्रव्यावरून वय थेट मोजता येते, शिंपले कशाला हवेत? उत्तर असे, की ही युक्ती लाव्हाच्या दगडाला उत्तम लागू पडते. पण वाळू, चिखल, चुना ह्यांच्या थरांचे वय त्या रीतीने थेट काढणे बहुधा जमत नाही. कारण त्यातले कण दुसऱ्याच जुन्या खडकांतून झिजून आलेले असतात. नातवाचे वय आजोबांच्या जन्मपत्रिकेवरून काढावे, तशातला तो प्रकार. शिवाय वय कळले, तरी तिथे समुद्र होता की तळे, ते पाणी उथळ होते की खोल, हे यंत्राचा आकडा सांगत नाही.

दुसरा आक्षेप पोटाचा : आमच्या मुलाला नोकरी हवी. खाणीत, धरणावर, बोगद्यात शिंपल्यांचे काय काम? ह्या आक्षेपाचा मी आदर करते, कारण तो चाळीतल्या बापाचा आक्षेप आहे. त्या बापाला मी मुंबई हायची गोष्ट सांगीन. १९७४ साली ‘सागर सम्राट’ ह्या खोदकामाच्या फलाटाने मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर समुद्रतळ खोदला आणि तेल लागले. ते तेल साठले आहे मुख्यतः चुनखडीच्या थरांत, आणि अशी चुनखडी बनते समुद्रातल्या जीवांच्या कवचांपासून. तेल आणि वायू हेही मूळचे एकेकाळच्या सजीवांचेच. विहीर खोदताना पाते सगळा दगड भरडून वर काढते. मोठा शिंपला त्यात टिकत नाही. टिकतात ती फोरॅमिनिफेरा नावाच्या एकपेशीय जीवांची वाळूच्या कणाएवढी कवचे. आपले पाते कोणत्या काळाच्या थरात आहे, हे ती कवचे ओळखून सांगणारी माणसे तेलाच्या कंपन्यांनी जगभर पगार देऊन ठेवली. मुंबईच्या समुद्रातला वायू उरणला किनाऱ्यावर येतो. आमच्या दादर-परळच्या स्वयंपाकघरांत पाइपाचा गॅस पेटतो आणि त्यावर दिवाळीच्या चकल्या तळल्या जातात, तेव्हा चाळीतल्या बापाने म्हणावे, की शिंपल्यांचा नोकरीशी संबंध नाही!

बोगद्याचे म्हणाल, तर कुलाब्यापासून सीप्झपर्यंत तेहेतीस किलोमीटरची भुयारी मेट्रो आता आपल्या पायाखालून धावते. गिरगाव, दादर, वरळी ह्यांच्या पोटातून ती गेली. टणक लाव्हा आणि त्याच्यामधले मऊ गाळाचे थर खोदणाऱ्याला सारखे वागवत नाहीत. कुठे यंत्र अडते, कुठे पाणी झिरपते. मऊ थर का, कुठे आणि किती दूर पसरला असेल, ह्याचा अंदाज करायला तो तळ्याचा गाळ की राखेचा थर, हे कळावे लागते. आणि ते कळण्याचा एक मार्ग बेडकाच्या हाडांतून जातो.

मुंबईने ह्याचा अनुभव पूर्वीही घेतला आहे. १८८० साली प्रिन्सेस डॉक उघडला. त्याआधी तिथे खोदकाम चालू असता भरतीच्या पातळीच्या पुष्कळ खाली, चिखलात, शेकडो झाडांची खोडे सापडली. त्यांतली कित्येक मुळांसकट उभीच्या उभी. झाडे खैराची होती. खैर हा जमिनीवरचा वृक्ष. तिवरासारखा खाऱ्या चिखलात तो वाढत नाही. तेव्हा जिथे जहाजे लागायची होती, तिथे एकेकाळी कोरडी जमीन होती, आणि जमीन खचली किंवा समुद्र चढला, हे त्या खोडांनी सिद्ध केले. खैर आणि तिवर ह्यांतला फरक ज्याला कळत नाही, त्याच्या लेखी ते नुसते कुजके लाकूड. समुद्र पुन्हा चढतो आहे अशी चर्चा आपण रोज ऐकतो. ज्या शहरात गिरगावपासून परळपर्यंत पावसाळ्यात गुडघाभर पाणी साचते, त्या शहराने तरी आपल्या जुन्या खोडांची साक्ष वाचणारी माणसे तयार करावीत.

तिसरा आक्षेप असा, की जीवशास्त्राचे काम जीवशास्त्रज्ञाने करावे. ज्याचे काम त्याने केले म्हणजे झाले. पण डोंगरात पहिला कोण जातो? भूगर्भशास्त्रज्ञ. कोणता तुकडा उचलायचा आणि कोणता पायाने ढकलायचा, हे तिथल्या तिथे तोच ठरवतो. त्याने जे ओळखले नाही, ते जीवशास्त्रज्ञाच्या टेबलापर्यंत पोचतच नाही.

राहिला शेवटचा आक्षेप, आणि तो मात्र खरा आहे : “आम्ही जीवशास्त्राचा पेपर ठेवला होता हो, पण मुले कंटाळली.” कंटाळणारच! बहुतेक ठिकाणी असा पेपर म्हणजे डॉक्टरांच्या अभ्यासक्रमात पाणी घालून केलेले सार असते. हृदयाचे कप्पे, मूत्रपिंड, रक्तगट. हृदयाचा आणि मूत्रपिंडाचा दगड क्वचितच होतो. मुतखडा सोडला, तर भूगर्भशास्त्रज्ञाच्या ते काही उपयोगी पडत नाही. २०२० सालच्या नव्या शैक्षणिक धोरणाने विषयांच्या भिंती पाडायची भाषा केली, ही चांगली गोष्ट झाली. पण भिंत पाडून बाजार मांडला आणि मुलाला म्हटले, ‘घे हवे ते’, म्हणजे शिक्षण झाले असे नाही. जे आवश्यक आहे ते पानात वाढावे लागते.

मग काय वाढावे? मॅट्रिक झालेल्या बाईने अभ्यासक्रम सुचवणे म्हणजे धाडसच. पण टीका करून पळून जाणे मला आवडत नाही.

पहिला धडा कठीण भागांचा असावा. कोण चुन्याचे घर बांधतो, कोण वाळूच्या काचेसारख्या द्रव्याचे, आणि कोण हाडे-दात घडवतो. कारण दगडात तेच राहते. दुसरा धडा राहणीचा. कालव खडकाला चिकटून जगते, तिसरी वाळू-चिखलात पुरून घेते. वरळी कोळीवाड्यातली कोणतीही मावशी हे डोळे मिटून सांगेल, कारण तिला ते काढायला कुठे जायचे हे माहीत असावे लागते. विद्यापीठाने तिला एक दिवस मानाने बोलावून मुलांपुढे बसवावे. पंडितांचा काही अपमान होणार नाही. तिसरा धडा मरणाचा. मेलेल्या जीवाचे काय उरते, काय कुजते, काय लाटेने फुटते, काय गाळात पुरून टिकते. ह्याला प्रयोगशाळा नको. पावसाळ्यानंतर दादरच्या चौपाटीवर हातभर चौकोन आखून त्यातले अखंड आणि फुटके शिंपले मोजावेत. कोकणच्या किनाऱ्यावर शिंपल्यांची वाळू चुन्याने सांधून जो करळ दगड होतो, तो शेजारी ठेवावा. आजचा किनारा आणि कालचा खडक ह्यांची सोयरीक मुलांना आपोआप कळेल.

चौथा धडा नात्यांचा : जीवांना नावे कशी देतात, कुळे कशी ठरवतात, आणि वरळीच्या बेडकाचे घर दोनदा का बदलावे लागले. पाचवा धडा काळाचा. डार्विनचा ग्रंथ १८५९ साली निघाला. पण तो लिहिणारा माणूस जगाच्या सफरीवर निघाला तेव्हा खडक पाहण्याचे वेड घेऊन निघाला होता, हे मुलांना सांगावे. सहावा धडा डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवांचा. आपण ज्या हवेत श्वास घेतो तिच्यातला प्राणवायू मुळात सूक्ष्म जीवांनी निर्माण केला; जगातल्या लोखंडाच्या मोठमोठ्या पट्टेदार थरांच्या जन्माशी त्या घटनेचा संबंध जोडतात. गोव्याच्या लोहखनिजाचे जहाज पाहताना ज्याला हे आठवते, त्याचे शिक्षण वाया गेले नाही.

हे सारे एका वर्षात होण्यासारखे आहे. त्याला इमारत नको, परदेशी यंत्रे नकोत. हाजीअलीजवळ ओहोटीला उघडे पडणारे खडक आहेत, भाऊचा धक्का आहे, ससून डॉक आहे, भायखळ्याची राणीची बाग आहे. १८८३ सालापासून चालत आलेली नॅचरल हिस्टरी सोसायटी फोर्टात आहे. हवे आहेत ते दोन विभागांतले दोन प्राध्यापक, जे एकाच व्हरांड्यात राहून एकमेकांशी बोलतील. ही अट सगळ्यांत अवघड आहे, हे मला कळते.

आणि वाचकांकडेही थोडे मागायचे आहे, कारण ठरावाची सुरुवात आपल्याच घरातल्या बैठकीत होते. पुढच्या जूनमध्ये मुलाचा निकाल लागेल, तेव्हा ‘तुला डॉक्टर व्हायचे नाही ना, मग जीवशास्त्र कशाला?’ हे वाक्य तोंडाशी आले तर गिळून टाका. त्याला दगड आवडत असतील, डोंगर आवडत असतील, समुद्र आवडत असेल, तर त्याला जीवशास्त्राची गरज डॉक्टरपेक्षा तसूभरही कमी नाही. डॉक्टरपुढे आलेला रोगी निदान ‘इथे दुखते’ म्हणून सांगतो. भूगर्भशास्त्रज्ञापुढे येणारे सगळे सहा-सहा कोटी वर्षांपूर्वी मेलेले असतात; त्यांना बोलते करायचे तर ते जिवंत असताना कसे जगत होते, हे आधी माहीत हवे.

वरळीच्या टेकडीवर आता इमारती उभ्या आहेत. जिथून ते बेडूक निघाले ती जागा मुलांना दाखवणे आज सोपे नाही. पण असे थर मुंबईच्या पोटात आणखी आहेत, आणि शहर रोज कुठे ना कुठे खणले जाते आहे. पुढचा बेडूक वर येईल तेव्हा त्या खड्ड्याच्या काठावर आपल्याच कॉलेजात शिकलेला एखादा मुलगा किंवा मुलगी उभी असेल. तिला तो ओळखता यावा, एवढीच ह्या बाईची विद्यापीठाकडे मागणी आहे. ती मान्य करायला ठराव लागत असेल, तर तो एकदाचा लेखी करावा.